मागच्या ढिगावरचं गवत

२ फेब्रुवारी

डॉक्टर म्हणाले, मनात साचलेलं रोज लिहून काढा, रक्तदाब उतरेल. शेजारी बसलेली ही लगेच म्हणाली, "बरं होईल, आमच्या कानांना तेवढीच सुट्टी." बायको डॉक्टरच्या बाजूची आणि डॉक्टर बायकोच्या बाजूचा, तिथे माझं काय चालणार? येताना वही घेऊन आलो.

तर, साचलेलं. आमचा सिमेंटच्या ब्लॉकचा कारखाना आहे. गल्लीत, पेट्रोल पंपावर, दवाखान्याच्या आवारात एकात एक अडकवून बसवतात ते ब्लॉक. उभा जन्म त्यात गेला. गोणीवर नुसता हात ठेवला तरी आतलं सिमेंट ताजं की जुनं, ते मी सांगतो. सगळं सुरळीत चाललेलं असताना मागच्या वर्षी मुलगी शिक्षण संपवून घरी आली आणि म्हणाली, "बाबा, आपण राखेचे ब्लॉक करू."

गावाबाहेर कचरा जाळायची मोठी भट्टी आहे. तिच्या तळाशी जी जाडीभरडी राख उरते, ती खडी-वाळूच्या जागी काही प्रमाणात घालायची. डोंगर कमी फोडावे लागतात आणि राख पुरायला जागाही शोधावी लागत नाही. ऐकायला झकास. पण लोकांनी फेकलेलं, वर जाळलेलं, ते मी माझ्या ब्लॉकमध्ये घालू? मी नुसतं "बघू" म्हणालो. आमच्या घरात "बघू" म्हणजे "हो", हे तिला लहानपणापासून ठाऊक आहे. तिने दुसऱ्याच आठवड्यात राखेचा एक ढीग आणवून कुंपणाजवळ टाकला.

आज निरोप आला. नगरपालिकेत रस्त्यांचं काम बघणारे साहेब आहेत, आम्ही त्यांना रस्तेसाहेबच म्हणतो. त्यांनी रुग्णालयाच्या फाटकापासून अपघात विभागाच्या दारापर्यंतची गल्ली तिला चाचणीसाठी दिली. मी पेढे आणायला निघालो, तर पोरीने थांबवलं. म्हणाली, "आधी गल्ली टिकू दे. टिकली तर मी इथेच राहणार. नाही टिकली तर मला माझं काम येत नाही असं समजायचं, आणि त्या लांबच्या कंपनीचं बोलावणं आलंय ना, तिकडे जाऊन पहिल्यापासून शिकायचं."

ही आत गेली आणि उगाच भांडी आपटायला लागली.

९ फेब्रुवारी

नवी राख आली. गाड्या रिकाम्या होताना मी नाकाला रुमाल लावला होता, पण वास असा काहीच नाही. राखेवरून लोहचुंबकाचा पट्टा फिरवला की आतलं लोखंड वर येतं. चमचे, कात्र्या, पट्ट्यांची बक्कलं. एक कुलूप निघालं, किल्ली आत अडकलेली. मी सहज फिरवली तर उघडलं! आगीत भाजून निघालेलं कुलूप उघडतं, आणि आमच्या गोदामाचं मात्र रोज लाथ मागतं. कुलूप घरी आणलं तर ही म्हणाली, "कुणाच्या दाराचं असेल हो?" आणि हातात घेऊन बसली. समोरचा शिंपी मला आता "राखसम्राट" म्हणतो. म्हणू दे.

तर आता आवारात दोन ढीग झाले. पुढचा नवा, एकसारखा करडा, चाळलेला, बघत राहावं असा. मागचा जुना, कुंपणाजवळचा. त्याच्यावर चक्क गवत उगवलंय आणि अंगावर पांढरट डाग पडलेत. पोरगी म्हणते, ब्लॉकना मागचाच ढीग वापरायचा, पुढचा मुरू द्यायचा.

"राख काय दारू आहे का मुरायला?" मी म्हणालो.

"तसंच समजा, बाबा." मग तिने ऊन, वारा, पाणी, असं बरंच काही समजावलं. मी मान हलवत होतो. मला कळलं ते इतकंच की जुना माल आधी संपवायचा. अगदी आईवर गेली आहे. हीसुद्धा फ्रीजमधलं कालचं संपल्याशिवाय आजचं ताटात पडू देत नाही.

१४ फेब्रुवारी

पोरगी नमुने घेऊन लांबच्या प्रयोगशाळेत गेली. जाताना मापांचा कागद माझ्या हातात देऊन तीनतीनदा बजावलं, "यात काही बदलू नका." मी का बदलीन? माप म्हणजे माप.

पण ढिगाचं डोक्यातून जाईना. पोरीच्या आयुष्यातलं पहिलं काम, तेही रुग्णालयाच्या दारातलं, आणि त्याला आपण गवत उगवलेला, डागाळलेला शिळा माल घालायचा? सिमेंट जरा जुनं झालं की गाठी धरतं, मग ते फेकण्याच्या लायकीचं. चाळीस वर्षं मी गिऱ्हाइकाला ताजाच माल दिला, म्हणून नाव टिकलं. आणि स्वतःच्या मुलीच्या वेळेला काटकसर? छे.

लोडरवाल्याला बोलावलं आणि सांगितलं, "पुढच्या ढिगातली राख घे."

तो डोकं खाजवत म्हणाला, "पण मालक, ताई तर म्हणाल्या..."

"ताईची काटकसर मला माहीत आहे. चांगलं तेच वापरायचं. आणि हे तिला सांगत बसू नकोस, उगाच तिला वाटेल बापाने ऐकलं नाही."

रस्तेसाहेबांकडचे काही पाहुणे कारखाना बघायला येणार आहेत, म्हणून मागच्या ढिगाचं गवत काढून घेतलं आणि पुढची कड फावड्याने सरळ तासली. आता जरा माणसात आल्यासारखा दिसतो.

मापाच्या कागदाला मात्र मी अक्षराइतकाही धक्का लावलेला नाही.

१६ फेब्रुवारी

ब्लॉक पाडायला सुरुवात केली. मिश्रण नेहमीपेक्षा जिवंत वाटत होतं. कान लावला तर बारीक सुर्र आवाज येत होता आणि वर बुडबुडे धरत होते. लोडरवाला म्हणाला, "मालक, हे उकळतंय का काय?" मी त्याला समजावलं, ताज्या मालात जोर असतो तो असा.

आज मन अगदी प्रसन्न आहे. रक्तदाबही उतरला असणार. मोजला नाही.

२१ फेब्रुवारी

पाहुणे आले, बघून गेले, खूश झाले. एका बाईंनी पुढच्या ढिगासमोर फोटोही काढून घेतला.

पोरगी आली. आल्या आल्या मागच्या ढिगाकडे गेली, तासलेली कड हाताने चाचपली आणि स्वतःशीच म्हणाली, "म्हणजे इथून घेतली." प्रश्न मला नव्हताच.

नंतर मात्र तिने मला विचारलं, "बाबा, सगळं कागदाप्रमाणे केलंत ना?"

"तंतोतंत," मी म्हणालो. आणि ते खरंच आहे.

१ मार्च

गल्ली बसवून झाली. इतकी देखणी झाली आहे की मी चप्पल काढून चाललो. रखवालदार म्हणाला, "आजोबा, आत दाखवायचंय का कुणाला?" मी म्हटलं, "छे, मुलीचं काम बघायला आलोय." आजोबा कुणाला म्हणतो?

१० मार्च

लिहायला हात उठत नाही.

ब्लॉकना फोड आले आहेत. माणसाला कांजिण्या येतात तसे. काही फुटून तिथे खळगे पडलेत. अपघात विभागाच्या दारासमोर तर ओळच्या ओळ फुगून वर आली आहे. आज माझ्या डोळ्यांदेखत एका परिचारिकेच्या ढकलगाडीचं चाक तिथे अडकलं. गाडीवरच्या म्हाताऱ्या बाईंनी कण्हून डोळे मिटून घेतले. परिचारिका माझ्याकडे बघून म्हणाली, "कुणी केलंय हो हे?" मी आजूबाजूला बघितलं, जणू मलाही तेच विचारायचंय.

पोरगी ओणवी बसून एकेका फोडावर बोट फिरवत होती. ती रडली असती तर बरं झालं असतं.

१२ मार्च

विचार करकरून डोकं पिकलं. सिमेंटमध्ये भेसळ असेल? सिमेंटवाल्याला फोन करून चार शब्द सुनावले. त्यानेही मला सहा सुनावले. पाणी खारट असेल? चाखून बघितलं, चांगलं आहे. रुग्णालयाच्या गाड्या फार जड असतील? पण फोड तर चाक कधी जात नाही त्या कडेलाही आहेत. कशाचा कशाला मेळ लागत नाही.

पोरगी कागदांचा पसारा मांडून बसली आहे. प्रयोगशाळेत तिचे नमुने पास झाले होते, मग इथे काय झालं, हेच तिला कळत नाही. जेवताना तिने विचारलं, "बाबा, काहीच वेगळं केलं नव्हतं ना आपण? काहीच?"

"मापात तसूभरही फरक नाही," मी छातीवर हात ठेवून सांगितलं. बिचारी, पोळीचा तुकडा हातात धरून नुसतीच बसली.

१७ मार्च

स्वतःच छडा लावायचा ठरवला. पोरीला न सांगता गच्चीवर पत्र्याचे ट्रे मांडले. एकात दुसऱ्या कंपनीचं सिमेंट. दुसऱ्यात गाळलेलं पाणी. तिसऱ्यात वाळू बदलली. चौथ्यात सगळं बदललं. राख मात्र सगळ्यांत तीच, पुढच्या ढिगातली, सगळ्यात चांगली. म्हणजे निदान राखेला कुणी नावं ठेवायला नकोत.

ही वाळवण घालायला वर आली आणि ट्रे बघून म्हणाली, "आता घरातही रस्ता करणार का?"

१९ मार्च

चारही ट्रे फुगले. पावासारखे वर आले. ही म्हणाली, "भाजून घेऊ का?" मला हसू आलं नाही.

सिमेंट बदललं, पाणी बदललं, वाळू बदलली, तरी फुगतंच आहे. मग एकच गोष्ट उरली. तिची मापं. माझ्या पोरीचा हिशेबच चुकला आहे.

सहा वर्षं शिकली ती. जत्रेत हरवली तर घराचा पत्ता घडाघडा सांगायची, ती पोर. तिचा हिशेब चुकतोच कसा? आणि मी तिला हे सांगू कसा?

संध्याकाळी लोडरवाला माझ्यापाशी घुटमळत होता. म्हणाला, "मालक, ते ढिगाचं ताईंना सांगून टाकू का?"

"त्याचा इथे काय संबंध?" मी खेकसलो. "आधीच ती खचली आहे, त्यात बापाने ऐकलं नाही हे आणखी कशाला?" तो गेला. याला कशाचं काय सुचेल, सांगता येत नाही.

२२ मार्च

पोरीने ठरवलं. परवा रस्तेसाहेबांकडे जाऊन ती सांगणार, की मिश्रण माझं, चूक माझी, कारखान्याचा दोष नाही. मग त्या लांबच्या कंपनीत. बॅग पलंगावर उघडी आहे. ही तिचे कपडे घड्या घालून भरते आणि पोरगी खोलीबाहेर गेली की परत काढून कपाटात ठेवते. पोरगी परत भरते.

मी दारात उभा राहून विचारलं, "जायलाच पाहिजे का?"

"बाबा, माझंच गणित मला कळत नसेल तर मी उद्या कुठल्या रस्त्यावरून माणसं चालवू?"

चाळीस वर्षांचा माझा दरारा, गोदामातली माणसं मला टरकतात, आणि पोरीला थांबवायला चार शब्द सापडेनात. तिच्याशिवाय हे घर मला नको आहे, असं सरळ म्हणायला हवं होतं. म्हणालो काय, तर "डबा घेऊन जा."

२४ मार्च

आज जे केलं ते व्यवस्थित लिहून ठेवतो.

रस्तेसाहेबांच्या खोलीत आम्ही दोघं. टेबलावर एक फुगलेला ब्लॉक ठेवलेला, त्याच्याकडे बघवत नव्हतं. पोरीने सुरुवात केली, "साहेब, जबाबदारी माझी आहे. माझ्या मिश्रणात कुठेतरी..." तिचा आवाज चिरकला. आणि मला राहवलं नाही.

"तिचं मिश्रण बरोबर आहे," मी म्हणालो. "चूक मी केली."

दोघं माझ्याकडे बघायला लागले. आता काहीतरी चूक सांगणं भाग होतं. सिमेंट कमी घातलं म्हणावं तर चोर ठरतो. पाणी जास्त घातलं म्हणावं तर धंद्यातलं काही येत नाही असं होतं. मग जे निरुपद्रवी होतं आणि वर खरंही होतं, तेच पुढे केलं. म्हणालो, "हिने मागचा जुना ढीग वापरायला सांगितला होता. ही गावाला गेली तेव्हा मी पुढच्या ताज्या ढिगातली राख घातली. त्यानेच झालं सगळं."

मला वाटलं, साहेब हसतील. पण ते खुर्चीत सरळ झाले. "ताजी? किती ताजी?"

"आदल्या आठवड्यात आलेली."

पोरगी पांढरीफटक पडली. माझ्याकडे असं बघत होती की मी घाबरलो, म्हटलं आता ही खरं सांगून माझं सोंग उघडं पाडते. पण पोरगी हुशार! तिने लगेच धागा पकडला. म्हणाली, राखेत ॲल्युमिनियमचे बारीक कण असतात, लोहचुंबकाला ते सापडत नाहीत. राख ताजी असली की सिमेंटच्या पाण्यात त्यांच्यापासून वायू सुटतो, बुडबुडे होतात, ब्लॉक फुगतो. म्हणून राख उघड्यावर महिनोन् महिने ठेवायची, ऊन-पाणी-वारा खाऊन ते कण थंड पडतात. गवत उगवलं म्हणजे राख निवली. "म्हणून तर मागचा ढीग, बाबा! म्हणून तर!"

काय ते प्रसंगावधान! बसल्या जागी तिने माझ्या थापेला असं पक्कं शास्त्र जोडून दिलं की साहेबसुद्धा मान डोलवायला लागले. म्हणाले, "मग बरोबर आहे. सगळं जुळतंय." शिकलेल्या माणसाला शिकलेल्या भाषेत सांगितलं की पटतं.

गल्ली आम्ही उखडून स्वखर्चाने परत करायची, आणि मिश्रण पोरीचंच वापरायचं, असं ठरलं.

बाहेर जिन्यात आल्यावर पोरगी पायरीवर मटकन बसली. "आधी का नाही सांगितलंत? मी स्वतःला किती..." आणि हुंदके देऊन रडायला लागली. मी तिच्या पाठीवर हात फिरवत राहिलो. साहेब तर आत होते, जिन्यात कुणीच नव्हतं, मग ही अजून कुणासाठी बोलत होती? पण अशा वेळी पोरीला विचारू नये.

२६ मार्च

बॅग कपाटावर गेली. ही म्हणाली, आज देवाच्या आधी तुम्हालाच नमस्कार करते. थट्टा आहे, पण थट्टा करते आहे हेच पुष्कळ झालं.

पोरगी काल दिवसभर माझ्याशी बोलली नाही. आज गच्चीवर गेली, ट्रे बघितले आणि विचारलं, "या सगळ्यांत राख कुठली?"

"पुढचीच. एकदम स्वच्छ."

ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग हसत सुटली. इतकी हसली की कठड्याला धरून खाली बसली. मला काय चुकलं ते कळलं नाही. हसली, तेव्हा बरं वाटलं.

मग उठून बोट रोखून म्हणाली, "यापुढे ढिगांना तुम्ही हात लावायचा नाही." लोडरवाल्यालाही सांगितलं. तो माझ्याकडे न बघता "हो ताई" म्हणाला. लबाड.

१८ मे

नवी गल्ली होऊन बरेच दिवस झाले. फोड नाही, खळगा नाही, ओळ सुतात आहे. आज ती परिचारिका ढकलगाडी घेऊन गेली, चाक एकदाही अडखळलं नाही. मी मागून बघत होतो.

या वेळी पोरगी स्वतः उभी राहिली आणि मागच्या ढिगातलीच राख घेतली. आमचं सोंग तडीला न्यायला तेवढं करावंच लागणार, साहेब कधी येऊन बघतील सांगता येत नाही. पुढच्या ढिगातलं तर ती घमेलंभरही घेत नाही, नुसतं रोज पाणी मारते. त्याच्यावर आता हिरवे कोंब दिसायला लागले आहेत आणि ती ते कौतुकाने बघते.

मापं मात्र तिने गुपचूप बदलली असणार. नाहीतर ब्लॉक इतके सुरेख झाले कसे? मी विचारलेलं नाही. कागदही बघितला नाही. तिची चूक तिला कळली, तिने सुधारली, बापाने ती उकरून कशाला काढायची?

आज चहा पिताना ती माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "तुम्हाला एक सांगू? त्या दिवशी तुम्ही साहेबांसमोर खरं बोललात ना, म्हणून मी राहिले. गल्लीसाठी नाही."

मला चहाचा ठसका लागला. जन्मात एकदाच पोरीसाठी इतकं सफाईदार खोटं बोललो, आणि ती म्हणते खरं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. आता तिला काय सांगू?

काही सांगणार नाही. कप धुऊन ठेवला आणि दोघं पुढच्या ढिगाला पाणी मारायला गेलो.